आजीच्या कार्डावरचं हिरवं सॅलड: अमेरिकन फ्रूट जिलेटिन सॅलड घरी कसं करावं

अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये राहायला आलेल्या मराठी माणसाची या पदार्थाशी पहिली गाठ पडते ती बहुधा ऑफिसच्या पॉटलकला (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं सामूहिक जेवण), नाहीतर शेजाऱ्यांकडच्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणात. पोपटी रंगाचं, हात लावला की थरथरणारं, पोटात अननस आणि अक्रोड दडवून बसलेलं काहीतरी टर्की, हॅम आणि कुस्करलेल्या बटाट्यांच्या रांगेत ठेवलेलं असतं. भोपळ्याचा ‘पाय’ (pie) वगैरे गोड पदार्थ ठेवलेल्या टेबलाकडे ते फिरकत नाही. नवखा माणूस ते वाढून घेतो, गोड समजून शेवटासाठी राखून ठेवतो आणि शेवटी खाल्ल्यावर गोंधळतो. धड गोड नाही, धड खारट नाही, मध्येच सेलरी काय कुरकुरते, आणि हे चीज इथे कशाला?

हे सॅलड जेवणाबरोबर खायचं. आपल्या ताटात डाव्या बाजूला पंचामृत किंवा मोरांबा असतो आणि मधूनमधून आपण त्याला बोट लावतो, तशी त्याची जागा. खारट हॅमचा घास, मग हा थंडगार आंबटगोड घास. एवढं लक्षात ठेवलं की कृतीतले सगळे निर्णय आपोआप सुटतात. स्वाद आंबट हवा, साखर वाढवायची नाही, मीठ विसरायचं नाही आणि दाताखाली काहीतरी कुरकुरीत यायला हवं. यूट्यूबवरच्या आजच्या बऱ्याच कृती याला मिठाई करून टाकतात. फेटलेल्या गोड क्रीमचा डोंगर आणि वर चेरी असा तो प्रकार लहान मुलांच्या वाढदिवसाला ठीक, पण आजीचं सॅलड ते नव्हे.

थोडं मागचं

जिलेटिन पूर्वी श्रीमंतांच्या घरचं काम होतं. प्राण्यांची हाडं आणि कातडी तासन्‌तास उकळायची, गाळायची, निवळायची, मग कुठे जेली. 1897 साली न्यूयॉर्क राज्यातल्या लरॉय गावात पर्ल वेट या सुताराने जिलेटिनच्या पुडीत साखर, रंग आणि फळांचे स्वाद मिसळले. खोकल्याची औषधं करून विकण्याचा त्याचा जोडधंदा होता, त्यामुळे गोड स्वादांशी त्याची ओळख होतीच. त्याच्या बायकोने, मे हिने, या पुडीला जेल-ओ हे नाव दिलं. धंदा काही चालेना, म्हणून दोन वर्षांनी त्याने गावातल्याच ऑरेटर वुडवर्डला तो 450 डॉलरना विकून टाकला. पुढे वुडवर्डने जाहिरातींच्या जोरावर हीच पुडी देशभर पोचवली. आपल्या सॅलडचा जीव असलेला हिरवा लाइम स्वाद आला 1930 साली. घराघरांत विजेचे फ्रिज शिरले तेही त्याच सुमारास. साच्यातलं सॅलड टेबलावर मांडणं म्हणजे आमच्याकडे फ्रिज आहे हे न बोलता सांगणं होतं. महायुद्धानंतर डबाबंद फळं स्वस्त झाली आणि 1950-60 च्या दशकांत हा प्रकार भलताच फोफावला. एका काळात तर सेलरी आणि टोमॅटोच्या स्वादाचं जेल-ओही बाजारात होतं. ते गेलं, बरं झालं.

युटामध्ये हिरव्या जेल-ओत किसलेलं गाजर घालतात. 2001 साली त्या राज्याने जेल-ओला आपला अधिकृत खाऊ म्हणून जाहीरही केलं. दक्षिणेकडच्या राज्यांत याच पदार्थाला ‘कंजील्ड सॅलड’ म्हणतात. मिनेसोटा-आयोवाच्या चर्चमधल्या बायकांनी काढलेल्या, स्प्रिंगने बांधलेल्या पाककृती-पुस्तकांत अशा सॅलडांचं एक अख्खं प्रकरण असतं.

जुनं कार्ड वाचायचं कसं

अमेरिकन आज्या कृती लिहितात त्या पोस्टकार्डाहून लहान जाड कागदावर, आणि चार ओळींत. ‘1 लहान पाकीट लाइम, 1 नं. 2 डबा अननस, सिरपी होईतो थंड करा, बाकीचं घाला.’ एवढंच! लिहिणारीला बाकीचं ठाऊक होतं, आपल्याला नाही. शेजारच्या आजींकडून किंवा सासरच्या अमेरिकन नातेवाइकांकडून असं कार्ड हाती आलं असेल तर या खुणा उपयोगी पडतील.

‘लहान पाकीट’ म्हणजे 3 औंसांचं, 85 ग्रॅम. ‘मोठं’ म्हणजे 6 औंसांचं, 170 ग्रॅम. ‘नं. 2 डबा’ म्हणजे साधारण अडीच कप, आज त्याच्या जागी 20 औंसांचा म्हणजे 567 ग्रॅमचा डबा घ्या. ‘नं. 303’ म्हणजे साधारण दोन कप. ‘ओलिओ’ लिहिलं असेल तर ते मार्गारीन. नुसतं ‘सॅलड ड्रेसिंग’ असेल तर बहुतेक वेळा मिरॅकल व्हिप, म्हणजे मेयोनेझचा गोडसर, आंबट भाऊबंद. तो नसेल तर मेयोनेझमध्ये थोडी साखर आणि व्हिनेगर घाला. ‘कप’ अमेरिकन, 240 मिलीचा. चहाच्या कपाने मोजलंत तर सगळं गणित चुकेल.

आणि ‘सिरपी होईतो’. सगळा पदार्थ या दोन शब्दांवर उभा आहे, त्याबद्दल पुढे सविस्तर.

साहित्य

आठ-दहा जणांना, जेवणाबरोबर:

लाइम जिलेटिनची लहान पाकिटं 2 (एकूण 170 ग्रॅम)
उकळतं पाणी 2 कप
डब्यातला बारीक केलेला अननस 1 डबा (567 ग्रॅम), साखरेच्या पाकातला नको, स्वतःच्या रसातला
अननसाचा निथळलेला रस आणि थंड पाणी मिळून 1 कप
कॉटेज चीज 1 कप
मेयोनेझ पाव कप
लिंबाचा रस 1 मोठा चमचा
मीठ पाव लहान चमचा
सेलरीचा 1 दांडा, अगदी बारीक चिरून
पीकान किंवा अक्रोडाचे तुकडे अर्धा कप
वाढताना लेट्यूसची पानं

पाकिटावर लिहिलेलं पाण्याचं प्रमाण वाटीतून चमच्याने खायच्या जेलीसाठी असतं. दोन लहान पाकिटांना दोन कप गरम आणि दोन कप थंड. साच्यातून काढून उभं राहायचं असेल तर थंड पाणी दीड कपावर आणावं लागतं. इथे कॉटेज चीज आणि अननस यांचा ओलावाही आहे, म्हणून मी ते आणखी कमी करून एक कपच घेते. पाकिटाप्रमाणे पाणी घातलंत तर सॅलड ताटलीत उतरताच पसरेल.

भांडं साधारण दोन लिटर मावेल असं घ्या. मध्ये नळी असलेलं बंट केकचं भांडं उत्तम, कारण मधूनही गारवा लागतो आणि नंतर कापायलाही सोपं जातं. धातूच्या साच्यात सॅलड काचेपेक्षा लवकर जमतं आणि लवकर सुटतं. घरात जुना तांब्याचा साचा टांगलेला असेल तर आतली कल्हई शाबूत आहे का ते पाहा, नसेल तर तो भिंतीवरच शोभतो. हे मिश्रण आंबट आहे. जुन्या टपरवेअरच्या गोल साच्याचं डिझाइनचं झाकण काढता येतं, ते काढलं की हवा आत शिरते आणि सॅलड अलगद खाली येतं. कुणी देत असेल तर नाही म्हणू नका. साचाच नको असेल तर 9 बाय 13 इंचाच्या काचेच्या ट्रेमध्ये जमवा आणि वड्या पाडा. चर्चच्या जेवणांत बहुतेक असंच असतं.

ताजा अननस का चालत नाही

अमेरिकेत किंवा गोव्यात, ताजा रसरशीत अननस समोर असताना डब्यातला घालायचा जिवावर येतं. तरी डब्यातलाच घाला. जिलेटिन हे प्रथिन आहे आणि ताज्या अननसात प्रथिनं तोडणारं ब्रोमेलेन असतं. ते जिलेटिनच्या साखळ्या कापून टाकतं, मग रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा नाहीतर आठवडाभर, हिरवं सरबतच राहतं. पपई, किवी, अंजीर आणि आलं यांचंही तेच. पेरूही टाळावा. गोठवलेला अननसही चालत नाही, कारण थंडीने हे द्रव्य मरत नाही, उष्णतेने मरतं. डब्यातलं फळ तापवलेलं असतं म्हणून ते निर्धोक. ताजाच वापरायचा हट्ट असेल तर बारीक चिरून त्याच्याच रसात पाच मिनिटं खळखळून उकळा आणि पूर्ण गार करा. उकळल्यावर त्याचा ताजेपणा जातोच, मग एवढा खटाटोप कशासाठी, असं माझं मत.

कृती

आदल्या दिवशी करा. सकाळी करून दुपारी वाढता येतं, पण रात्रभर जमलेलं सॅलड साच्यातून अधिक नीट निघतं.

अननस गाळणीत घालून चमच्याने दाबा आणि सगळा रस एका मापात घ्या. कप भरेल एवढं थंड पाणी त्यात ओता. रस जास्त निघाला तर उरलेला पिऊन टाका.

पाण्याला खरी उकळी येऊ द्या. नळाचं गरम पाणी किंवा नुसतं वाफाळतं पाणी पुरत नाही. मोठ्या वाडग्यात जिलेटिनची पूड घेऊन त्यावर उकळतं पाणी ओता आणि पूर्ण दोन मिनिटं ढवळा, घड्याळ लावून. दोन मिनिटं फार वाटतात, पण कंटाळू नका. चमचा उचलून त्याची पाठ उजेडात पाहा, एकही कण दिसता कामा नये. न विरघळलेले कण खाली बसतात आणि साचा उलटा केला की सॅलडच्या डोक्यावर रबरासारखा चिवट थर येतो. आता मीठ, लिंबाचा रस आणि गार रसपाणी घाला.

इथून खरी कसोटी. वाडगा फ्रिजमध्ये ठेवा आणि पाऊण तासानंतर दर दहा मिनिटांनी उघडून पाहा. आधी काहीच होत नाही. मग कडेने जरा जडपणा येतो. चमचा मधून ओढल्यावर त्याची वाट क्षणभर दिसून बुजली, की झालं सिरपी. जुनी कार्डं याला अंड्याच्या पांढऱ्यासारखं म्हणतात. याला साधारण एक ते दीड तास लागतो. त्याआधी अननस घातलात तर सगळा तळाशी जाईल आणि अक्रोड वर तरंगत बसतील. उशीर झाला आणि गोळा जमला, तर चीज मिसळताना गाठी होतील. तसं झालंच तर वाडगा गरम पाण्यात धरून ढवळा, जिलेटिन पुन्हा वितळतं आणि पुन्हा जमतं. हा त्याचा मोठा गुण. घाई असेल तर वाडगा बर्फाच्या पाण्यात ठेवून सारखं ढवळत राहा, दहा-पंधरा मिनिटांत तो टप्पा येतो. मात्र त्या वेळात फोन घेऊ नका.

तोवर कॉटेज चीज आणि मेयोनेझ एकत्र करा. चिजाचे दाणे दिसलेले मला आवडतात. गुळगुळीत हवं असेल तर मिक्सरमधून एकदा फिरवून घ्या. मिश्रण सिरपी झालं की आधी हे चीज रबरी उलथण्याने खालून वर अलगद मिसळा, मग अननस, सेलरी आणि शेवटी पीकान. फेटू नका, बुडबुडे अडकतात.

साच्याला आतून वास नसलेल्या तेलाचं अगदी पुसट बोट फिरवा. मिश्रण ओता, साचा ओट्यावर दोन-तीनदा आपटा, झाका आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिजरमध्ये मुळीच नको. गोठलं की जाळी मोडते आणि वितळताना पाणी सुटतं.

दुसरी फळं घालायची तर

फळं स्वतःहून कुठे जातात हे ठाऊक असलं की पातळ मिश्रणातही नक्षी करता येते. सफरचंदाच्या फोडी, केळ्याचे काप, अर्ध्या स्ट्रॉबेऱ्या, अक्रोड आणि मार्शमेलो तरंगतात. संत्र्याच्या फोडी, ताजी द्राक्षं आणि पाकातली डब्यातली फळं बुडतात. साचा उलटा होणार, म्हणून जे बुडतं ते वर दिसतं. केळं नि सफरचंद लिंबाच्या रसात घोळवून घाला, नाहीतर काळं पडतं.

दोन थर हवे असतील तर खालचा थर बोटाला चिकटेल इतकाच जमलेला हवा. पूर्ण घट्ट झाला तर वरचा त्याला धरत नाही आणि कापताना दोन्ही वेगळे घसरतात. वरचं मिश्रण ओतताना गार झालेलं असावं, नाहीतर खालचा थर वितळेल.

थँक्सगिव्हिंगला हाच साचा लाल होतो. रास्पबेरी किंवा चेरीचं जिलेटिन, अख्ख्या क्रॅनबेरीचा डब्यातला सॉस, अननस, सेलरी, अक्रोड. त्यात चीज नको. माझ्या लेखी टर्कीबरोबर हिरव्यापेक्षा लालच सरस.

साच्यातून काढणं

वाढायच्या तासभर आधी काढा. ताटली थंड करून पाण्याने ओली करा, म्हणजे सॅलड मधोमध पडलं नाही तरी सरकवता येईल. ओल्या बोटाने कड साच्यापासून सभोवार किंचित सोडवा. सिंकमध्ये कोमट पाणी घ्या, हाताला सुखावेल इतपतच, आणि साचा काठापर्यंत दहा ते पंधरा सेकंद बुडवा. जास्त नको, जिलेटिन तिशीच्या वरच्या तापमानाला वितळायला लागतं. (म्हणूनच ते तोंडात विरघळतं आणि म्हणूनच मे महिन्यात नागपूरच्या टेबलावर टिकणार नाही.) ताटली साच्यावर पालथी धरा, दोन्ही घट्ट पकडून उलटा आणि एक झटका द्या. सुटल्याचा मऊ आवाज येतो. नाही आला तर पुन्हा पाच सेकंद पाण्यात. सुरी घालू नका. कडेने लेट्यूसची पानं खोचा, किंवा वड्या पाडल्या असतील तर एकेका पानावर एकेक वडी.

शाकाहारी घरात

जिलेटिन डुकराच्या किंवा गाईगुरांच्या कातडी-हाडांपासून बनतं, पाकिटावर फळाचं चित्र असलं तरी. मार्शमेलोतही तेच. पाकिटावर ‘कोशर’ (ज्यूंच्या आहारनियमांत बसणारं) लिहिलंय म्हणून शाकाहारी समजू नका, कोशर जिलेटिन माशाचं किंवा गाईचं असू शकतं. पॉटलकला कुणी विचारलं तर स्पष्ट सांगा, आणि आपण खाणारे असाल तर स्पष्ट विचारा.

यावर आपला चायना ग्रास, म्हणजे अगर-अगर, हा चांगला उपाय आहे, पण त्याचे नियम वेगळे. वरच्या मापासाठी लाइम पाकिटांच्या जागी सुमारे 7 ग्रॅम अगर पूड, अर्धा ते पाऊण कप साखर, तीन मोठे चमचे लिंबाचा रस, लिंबाची किसलेली हिरवी साल आणि हवा तर हिरवा रंग. पूड दोन कप गार पाण्यात कालवा, ढवळत उकळी आणा आणि दोन-तीन मिनिटं उकळू द्या. कोमट पाण्यात अगर विरघळत नाही. काड्या असतील तर वजन तेवढंच घेऊन आधी अर्धा तास भिजवा. साखर घालून विरघळवा, आच बंद करा आणि मगच लिंबू पिळा. आंबट घालून उकळलं तर पकड कमी होते.

अगर जमतो चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे ओट्यावरच. त्यामुळे फ्रिजमध्ये ठेवून वाट पाहायची भानगड नाही, उलट धावपळ आहे. अननस, त्याचा रस, चीज सगळं आधीच फ्रिजबाहेर काढून ठेवा. थंड चीज गरम अगरमध्ये पडलं की तो तिथल्या तिथे जमून रवाळ होतो. मिश्रण भांड्याला हात लावून धरता येईल इतपत निवलं की सगळं भराभर मिसळा आणि लगेच साच्यात ओता. फायदा असा की अगर प्रथिन नसल्याने इथे ताजा अननस बिनधास्त चालतो, आणि उन्हाळ्यातही सॅलड उभं राहतं. फक्त तो तोंडात वितळत नाही, तुटतो. म्हणून थर जाड नको, ट्रेमध्ये वड्या बऱ्या. भारतात हिरवा ठिपका असलेली जेली क्रिस्टल्स मिळतात, तीही चालतील. तिथे पाकिटावरची कृती पाळा, थंड पाणी तेवढं कमी करा.

कॉटेज चीज मिळत नसेल तर ताजं पनीर हाताने चुरून त्यात दोन-तीन चमचे घट्ट दही आणि चिमूटभर मीठ घाला. चक्का त्याहून छान लागतो, पण तो आंबट असेल तर लिंबू अर्धं करा. मेयोनेझ बिनअंड्याचं घ्या.

टेबलावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, चीज आहे. उरलेलं झाकून फ्रिजमध्ये दोन दिवस चांगलं राहतं. तिसऱ्या दिवशी कडेने पाणी सुटतं आणि पीकान मऊ पडतात, तेव्हा पाहुणे कमी असतील तर सरळ अर्ध्या मापाने करा.